कौशल्य आहे, पण ग्राहक कुठे आहेत?

आज कोणत्याही मध्यम आकाराच्या शहराच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारली, तर औषधांचे दुकान, झेरॉक्सचे दुकान आणि मोबाइलचे दुकान यांच्या रांगेत ‘कॉम्प्युटर व लॅपटॉप दुरुस्ती’ अशी एखादी पाटी हमखास दिसते. आत दहा बाय दहाच्या जागेत एक तरुण बसलेला असतो. त्याने कोर्स केलेला असतो, दोन-चार वर्षे कुणाकडे नोकरी करून त्याचा हात बसलेला असतो आणि मग घरच्यांच्या मदतीने किंवा बँकेच्या कर्जाने त्याने स्वतःचे दुकान थाटलेले असते. काम आले की तो ते चोख करतो. अडचण एवढीच, की काम रोज येत नाही. दुकानाचे भाडे, विजेचे बिल आणि कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला न चुकता येतात.

अशा वेळी घरातले प्रत्येक जण सल्ला देतात. पत्नीला वाटते, नोकरीच बरी होती. वडील म्हणतात, जाहिरात कर. मित्र म्हणतो, दर कमी कर. तो दोन्ही करून पाहतो. वर्तमानपत्रातून हजार पत्रके वाटतो, पाटीवर ‘शहरातील सर्वांत कमी दर’ असे लिहितो. त्यातून चार गिऱ्हाइके येतात, घासाघीस करतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत.

असे का होते? कष्टात किंवा कौशल्यात काही उणे असते का? बहुतेक वेळा नसते. चूक होते ती ग्राहकाचे मन ओळखण्यात.

ग्राहक नेमके काय विकत घेतो?

घरातला पंखा बिघडला, तर आपण नाक्यावरच्या वायरमनला बोलावतो. त्याने काम बिघडवलेच, तर जास्तीत जास्त एक पंखा जाईल. संगणकाचे तसे नाही. औषध दुकानदाराच्या संगणकात त्याचा साठा आणि उधारीची खाती असतात. डॉक्टरांच्या संगणकात रुग्णांच्या नोंदी असतात. कर सल्लागाराच्या संगणकात शेकडो अशिलांचे हिशेब असतात आणि घरातल्या लॅपटॉपमध्ये मुलांच्या बारशापासूनचे फोटो, बँकेचे व्यवहार, विम्याचे कागद. हे सगळे तो एका परक्या माणसाच्या हाती देणार असतो.

म्हणून ‘किती घेणार?’ हा प्रश्न ग्राहक तोंडाने विचारतो खरा, पण त्याच्या मनातला पहिला प्रश्न वेगळाच असतो. ‘हा माणूस कोण? याला ओळखते कोण?’ त्यात फोनवर ‘आम्ही कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय’ असे सांगून लोकांना गंडवणाऱ्या टोळ्यांनी ही शंका आणखी वाढवून ठेवली आहे.

हे एकदा ध्यानात आले, की नवे ग्राहक कुठे शोधायचे हेही कळते. स्वस्त दराची आरोळी ठोकून ते मिळत नाहीत. जिथे तुमच्याबद्दल कुणी चांगला शब्द टाकू शकेल, तिथे ते मिळतात. पुढचे सगळे मार्ग हा एक शब्द मिळवण्याचेच आहेत.

सगळे शहर नको, दोन रस्ते निवडा

‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ ही पाटी ग्राहकाला आकर्षित करत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या अशातला तो प्रकार होतो. त्याऐवजी दुकानापासून दुचाकीने पंधरा मिनिटांत पोहोचता येईल एवढाच टापू ठरवा आणि त्यातले एक किंवा दोनच धंदे निवडा. औषधांची दुकाने घ्या, दवाखाने घ्या, कर सल्लागारांची कार्यालये घ्या, पतसंस्था किंवा खासगी क्लास घ्या. पण सुरुवातीला एक-दोनच.

याचा फायदा असा, की एका धंद्यातल्या लोकांच्या अडचणी सारख्याच असतात. एका औषध दुकानातला बिलाचा प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र आणि बिलाची प्रणाली नीट समजली, की बाकीच्या दुकानांतही जवळपास तेच सापडते. दहाव्या दुकानात जाईपर्यंत तुम्हाला त्या धंद्याची भाषा येऊ लागते आणि आपली भाषा बोलणारा माणूस कुणालाही आपला वाटतो.

कर सल्लागारांचे उदाहरण घ्या. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जे लहान व्यापारी तोवर चोपड्यांवर काम भागवत होते, त्यांनाही संगणकाची गरज भासू लागली. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ११ आणि २० या तारखा महत्त्वाच्या असतात. ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील जातो, २० तारखेपर्यंत कर भरून विवरण जाते. मग १९ तारखेला कर सल्लागाराकडे ओळख करून घ्यायला जाणारा माणूस त्याला नकोसा होईल, हे उघड आहे. पण त्याच १९ तारखेला रात्री आठ वाजता संगणक बंद पडल्यावर जो धावून येतो, त्याला तो पुढची दहा वर्षे विसरत नाही. पतसंस्थेत संध्याकाळचा हिशेब जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. तिथे दुपारी चारनंतर दुरुस्ती काढून बसायचे नसते. क्लासचालकांना मे-जूनमध्ये डोके वर काढायला वेळ नसतो. धंद्याच्या या चाली ज्याला माहीत आहेत, त्याला ग्राहकाच्या वेळेची किंमत कळते, असा त्याचा अर्थ होतो.

एक मोठा की बारा लहान?

नव्याने व्यवसायात पडलेल्या प्रत्येकाचे एक स्वप्न असते. एखादी मोठी शाळा किंवा कारखाना मिळाला, की सुटलो! हे स्वप्न जरा हिशेब मांडून तपासले पाहिजे.

समजा, एका शाळेत ६० संगणक आहेत आणि प्रत्येकी वर्षाला २५०० रुपये दराने त्यांच्या देखभालीचा करार तुम्हाला मिळाला. वर्षाचे दीड लाख, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार रुपये झाले. आता दुसरे चित्र पाहा. पाच-पाच संगणकांची बारा लहान कार्यालये त्याच दराने मिळाली. रक्कम तीच, दीड लाख. धावपळ मात्र थोडी जास्त.

पण शाळेचे व्यवस्थापन बदलले, नव्या विश्वस्तांचा भाचा हाच व्यवसाय करणारा निघाला, तर? एका दिवसात साडेबारा हजारांचा आधार जातो आणि दुकानाचे भाडे पुढच्या एक तारखेला उभेच असते. बारातले एक कार्यालय गेले, तर महिन्याला हजार रुपयांच्या आसपास फटका बसतो. तो सोसता येतो. शिवाय मोठा ग्राहक एकच असला, की पुढच्या वर्षी तो दर पाडून मागतो आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही.

याचा अर्थ मोठे काम आले तर परत पाठवा, असा नाही. पण एकूण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा एकाच ग्राहकाकडून येऊ लागला, तर ती आनंदाची बातमी न मानता धोक्याची घंटा माना आणि लहान ग्राहक वाढवायला लागा. थेंबे थेंबे तळे साचते ते असेच.

पहिल्यांदा दारात जाताना

अनोळखी दुकानात जाऊन ‘काही काम आहे का?’ असे विचारणे बहुतेकांच्या जिवावर येते. ते साहजिक आहे, कारण या प्रश्नाला ‘नाही’ हे एकच उत्तर तयार असते. म्हणून काम मागायला जाऊच नका, ओळख ठेवायला जा. सकाळी दुकान उघडल्यावर गर्दी सुरू होण्याआधी किंवा दुपारच्या निवांत वेळी जा आणि दोन मिनिटांत आटोपा. बोलणे साधारण असे असावे :

‘‘नमस्कार काका, मी मागच्याच रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. तुमच्याकडचे काम कुणीतरी पाहत असेलच. ते कधी बाहेरगावी असले आणि तुमचे अडले, तर माझा नंबर जवळ असू द्या. आपल्या रस्त्यावर औषध दुकानांचीच कामे मी जास्त करतो.’’

या चार वाक्यांत कुणाची निंदा नाही, गळ घालणे नाही आणि खोटा मोठेपणाही नाही. आधीच्या माणसाला तुम्ही हुसकावून लावत नाही. तो नसेल तेव्हाचा दुसरा माणूस म्हणून उभे राहता. दुसऱ्या माणसाची गरज प्रत्येकाला कधी ना कधी लागतेच. आधीच्या कारागिराबद्दल ग्राहक स्वतःहून तक्रार करू लागला, तरी ‘हो, त्याने असेच करून ठेवलेय’ म्हणू नका. आज तुम्ही त्याच्याबद्दल जे बोलाल, तेच उद्या आपल्याबद्दल दुसरीकडे बोलाल, हे ग्राहक बरोबर ओळखतो.

एक साधी वही करा. दुकानाचे नाव, फोन कोण उचलतो, किती संगणक आहेत, पुन्हा कधी जायचे, एवढे चार रकाने पुरेत. आठवड्याला पाच नवी दारे ठरवली, तर वर्षाच्या ५० आठवड्यांत २५० दारे होतात. त्यातली बरीचशी उघडणार नाहीत. पण ज्याला लहान ग्राहकांची साखळी उभी करायची आहे, त्याला त्यातली बारा-पंधरा उघडली तरी पुरे आहेत.

काही कारण घेऊन जा

दुसऱ्यांदा जाताना मात्र हात हलवत जाऊ नये. ग्राहकाच्या उपयोगाचे काही कारण बरोबर असावे. वर्षभरात अशी कारणे पुष्कळ मिळतात.

मे महिन्याच्या शेवटी आपण छत्र्या दुरुस्त करून आणतो, गच्चीच्या भेगा बुजवतो. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, दाब कमी-जास्त होतो, विजा कडाडतात. यूपीएसची बॅटरी अशाच वेळी दगा देते. पावसाळ्याआधी बॅटरी किती मिनिटे टिकते, अर्थिंग नीट आहे की नाही हे पाहून देणे, हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. त्यासाठी पैसे घेऊ नका. बॅटरी बदलावी लागली, तर तेवढे काम आपसूक मिळते. नाही लागली, तर ‘बदलायची गरज नाही’ असे सांगणारा माणूस म्हणून तुमचे नाव राहते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे.

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. त्याआधी प्रत्येक व्यापाऱ्याच्या हिशेबाची एक प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवलेली असली पाहिजे. जाणकार यासाठी एक सोपा नियम सांगतात : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक त्या जागेच्या बाहेर. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू दीडशेहून अधिक देशांत पसरला. त्याने माहिती कुलूपबंद करून पैसे मागितले. ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती, त्यांचे काही तासांचे किंवा दिवसांचे काम थांबले. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांची माहितीच अडकली. हे उदाहरण व्यापाऱ्याला भीती घालण्यासाठी देऊ नका. ‘तुमची प्रत शेवटची कधी काढली?’ एवढेच विचारा. पुष्कळांना उत्तर आठवत नाही, आणि तिथून बोलणे आपोआप सुरू होते.

तिसरे कारण मायक्रोसॉफ्टने हाती दिले आहे. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नंतरची विंडोज ११ प्रणाली सगळ्याच जुन्या यंत्रांवर चालत नाही. तिला ठरावीक प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय लागते. ग्राहकाच्या पाच संगणकांपैकी कोणते चालतील, कोणते बदलावे लागतील, कशाची घाई आहे आणि कशाची नाही, अशी एका पानाची यादी करून द्या. सगळे बदला म्हणणारे विक्रेते त्याला रोज भेटतात. ‘हे दोन आणखी चालतील’ असे लिहून देणारा विरळा.

ज्यांना आधी कळते ती माणसे

एखादे नवे कार्यालय किंवा दवाखाना उघडणार, ही बातमी सर्वांत आधी कुणाला लागते? पाटी लागल्यावर आपल्याला कळते, पण तोवर संगणक येऊन बसलेले असतात. जागा मिळवून देणाऱ्या एजंटाला ते तीन महिने आधी माहीत असते. फर्निचर करणारा सुतार, वायरिंग करणारा वायरमन, इंटरनेट देणारा केबलवाला, सीसीटीव्ही बसवणारा, बॅटरी विकणारा, पाट्या रंगवणारा या सगळ्यांना आपल्याआधी कळते. यातल्या चार-पाच जणांशी मैत्री ठेवा. त्यांचे घरचे संगणक जपा. त्यांच्याकडे काम पाठवता आले तर आवर्जून पाठवा.

त्यांना कमिशन द्यावे का, असा प्रश्न पडतो. ते टाळलेलेच बरे. कमिशन दिले, की ते शेवटी ग्राहकाच्या बिलातूनच निघते. मग नाव सुचवणाऱ्याचा शब्दही विकाऊ होतो. कामाच्या बदल्यात काम आणि वेळेला मदत, ही देवाणघेवाण पुष्कळ टिकते. कर सल्लागार आपल्या अशिलाला तुमचे नाव सांगतो तेव्हा तो स्वतःची पत पणाला लावत असतो. ते काम तुम्ही बिघडवले, तर एक नव्हे, दोन ग्राहक जातात.

जुन्या ग्राहकाचे बोट धरून

नवे ग्राहक शोधायला निघालेला माणूस बहुधा जुन्यांना विसरतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचाच तो प्रकार. वास्तविक आपल्यासाठी शब्द टाकू शकणारी माणसे याच यादीत असतात. पण तो शब्द त्यांनी टाकावा, असे काम आधी झालेले असले पाहिजे.

पहिल्या कामाच्या वेळी ग्राहक तुमच्याकडे अगदी बारकाईने पाहत असतो. सांगितलेल्या वेळी आलात का? उशीर होणार असेल तर आधी कळवलेत का? यंत्र उघडण्यापूर्वी माहितीची प्रत काढलीत का? पासवर्ड विचारून घेण्याऐवजी ‘तुम्हीच टाका’ म्हणालात का? अंदाजे खर्च कागदावर लिहून दिलात का? आणि काम झाल्यावर काढलेला जुना भाग त्याच्या हातात ठेवलात का? जुना भाग परत देणे ही क्षुल्लक बाब वाटते. पण ‘चांगला काढून घेतला असेल’ हा संशय तेवढ्याने नाहीसा होतो.

आठ दिवसांनी एक फोन करा. ‘‘प्रिंटर ठीक चालतोय ना?’’ काही विकायचे नाही, काही मागायचे नाही. अडचण असेल तर लगेच जाऊन दूर करा. नसेल, तर हीच वेळ आहे शब्द मागण्याची. पण ‘कुणी असेल तर सांगा’ असे मोघम म्हणू नका. असे सांगून कुणालाच काही आठवत नाही. ‘‘तुमच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना माझे नाव सांगाल का?’’ असे नेमके विचारा. नेमक्या प्रश्नाला लोक नेमकी मदत करतात.

सल्ल्याची एक संध्याकाळ

गृहसंकुले, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांना कार्यक्रमांसाठी विषय हवेच असतात. त्यांच्यासमोर तासभर बोलायला जा. विषय ऑनलाइन फसवणुकीचा ठेवा. कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही, व्हिडिओ कॉलवरून कुठलाही पोलीस अधिकारी कुणाला घरात कोंडून ठेवू शकत नाही, ही एक गोष्ट जरी चार आजी-आजोबांच्या मनात ठसली, तरी कुणाच्या तरी आयुष्यभराची पुंजी वाचू शकते. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब फोन करायचा, हे सांगा. तो क्रमांक छापलेली चिकटपट्टी प्रत्येकाला द्या आणि खाली बारीक अक्षरांत दुकानाचे नाव व फोन असू द्या.

त्या संध्याकाळी मात्र धंद्याची गोष्ट काढू नका. श्रोत्यांतल्या एखाद्या आजींचा मुलगा सनदी लेखापाल असतो, एखाद्या आजोबांची सून दवाखाना चालवते. त्यांच्या घरी तुमचे नाव आपोआप पोहोचते. इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा शहरांत राहणाऱ्या मराठी व्यावसायिकांना तर तिथली महाराष्ट्र मंडळे ही सुरुवात करायला उत्तम जागा आहे. अर्थात तेवढ्यावरच थांबायचे नाही. ग्राहक सर्व भाषांचे हवेत.

फोन आणि नकाशा

बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात, असे म्हणतात. फोनवर नीट बोलणे हा तर या व्यवसायाचा अर्धा कणा आहे. मालक दुरुस्तीत गुंतलेला असताना फोन वाजत राहिला, तर ग्राहक दुसरीकडे जातो. बऱ्याच ठिकाणी घरातली पत्नी, बहीण किंवा आई हे काम सांभाळते. ‘‘ते आत्ता बाहेर आहेत, पण तुमची अडचण मला सांगा, मी लिहून घेते. पाच वाजेपर्यंत फोन येईल,’’ एवढे बोलणे आणि पाचच्या आत खरोखर फोन होणे, याला जाहिरातीहून जास्त किंमत आहे. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या स्त्रियांना दुरुस्तीसाठी स्त्रीच आली तर संकोच वाटत नाही. त्यामुळे हे काम शिकलेल्या मुलींनी या व्यवसायाचा जरूर विचार करावा.

गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट करता येते. ती मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही नावांनी करा. वेळ, फोन आणि दुकानाच्या दर्शनी भागाचा खरा फोटो टाका. समाधानी ग्राहकांना दोन ओळी लिहायची विनंती करा. पैसे देऊन खोटी स्तुती लिहून घेऊ नका. अनोळखी लोकांना रोज शेकडो संदेश पाठवण्याचाही उपयोग होत नाही. आलेला संदेश लोक पुसतात आणि नंबरही अडवून टाकतात.

कागद पक्का ठेवा

ओळखीने काम मिळते, पण टिकते ते कागदाने. वार्षिक देखभालीचा करार एका पानाचा का असेना, पण लिखित हवा. किती संगणक, वर्षातून किती नियमित फेऱ्या, तक्रार आल्यावर किती तासांत येणार, सुटे भाग करारात धरले आहेत की त्यांचे वेगळे पैसे, हे त्यात स्पष्ट असावे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सुटे भाग करारात धरू नयेत. एका मदरबोर्डपायी वर्षाची कमाई जाऊ शकते.

केवळ सेवा देणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल बहुतेक राज्यांत २० लाख रुपयांच्या वर गेली, की जीएसटीची नोंदणी करावी लागते. दुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के कर आहे. घरगुती ग्राहकाला तो जड वाटतो, पण नोंदणीकृत व्यापाऱ्याला पक्क्या बिलावर कराची वजावट मिळते. म्हणून आपले ग्राहक कोण आहेत हे पाहून, कर सल्लागाराला विचारूनच आधी नोंदणी करायची की नाही ते ठरवा.

जुलै २०२० पासून सुरू असलेली ‘उद्यम’ नोंदणी मात्र जरूर करा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. तिचा फायदा वसुलीच्या वेळी कळतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार अशा लहान पुरवठादाराचे पैसे करारातल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल, तर ही मुदत १५ दिवसांचीच आहे. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. रोजच्या व्यवहारात कुणी कायदा दाखवत बसत नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापलेली असली, की लेखा विभाग ते बिल खाली दाबून ठेवताना विचार करतो.

कुणाला नाही म्हणावे?

ग्राहक हवेत म्हणून प्रत्येकाला हो म्हणायचे नसते. ‘पायरेटेड प्रणाली टाकून दे, सगळेच टाकतात’ असे सांगणारे भेटतात. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय अशा प्रतीतून विषाणू आला, तर दोष टाकणाऱ्यावरच येतो. नकार देताना पर्याय सुचवा. पत्रे आणि तक्ते करण्यासाठी लिबर ऑफिससारख्या मोफत आणि कायदेशीर प्रणाली आहेत. पुष्कळ लहान कार्यालयांचे काम त्यावर भागते.

दुसरा नकार अधिक महत्त्वाचा. ‘बायकोच्या फोनवर काय चालते ते पाहता येईल असे काही बसवून दे’ किंवा ‘नोकरी सोडून गेलेल्या मुलीचे खासगी मेल उघडून दे’ अशी कामे घेऊन माणसे येतात आणि मागाल तेवढे पैसे देऊ करतात. महिनाअखेर असते, हप्ता थकलेला असतो. तरीही नाही म्हणा. दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत हात घालणारा कारागीर म्हणून एकदा नाव झाले, की त्या दोन रस्त्यांवर पुन्हा कुणी आपला संगणक तुमच्याकडे देणार नाही. दुरुस्तीला आलेल्या यंत्रातले फोटो न पाहणे, एका दवाखान्यातली गोष्ट दुसऱ्या दवाखान्यात न बोलणे आणि टाकाऊ यंत्रातली माहिती पूर्ण पुसूनच ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडे देणे, हीही त्याच सचोटीची अंगे आहेत.

या सगळ्यात भांडवल फार लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि पहिले सहा महिने घरच्यांनी धीर देणे. म्हणून ज्या घरात असा व्यवसाय नुकताच सुरू झाला आहे, तिथल्या मंडळींनी ‘आज किती कमावलेस?’ या प्रश्नाबरोबर ‘आज किती नव्या माणसांना भेटलास?’ असेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच दिवस ओशाळे करणारे असेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र रोज आपल्याच हातात असते. येत्या सोमवारी वही घ्या, चार रकाने आखा आणि पहिली पाच नावे लिहून बाहेर पडा.